आधी खोली बघा, मग गाडी

बारावीचा किंवा आयटीआयचा निकाल लागला, की नागझिऱ्याच्या भोवतालच्या गावांतून नागपूरची वाट धरणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढते. पिटेझरी, मंगेझरी, चोरखमारा ही नावे पर्यटकांना जंगलाची प्रवेशद्वारे म्हणून माहीत असतात. तिथल्या माणसांसाठी ती राहती गावे आहेत आणि केवळ धानाच्या पिकावर घर चालत नाही, हे तिथले जुनेच दुखणे आहे. म्हणून कुणी हिंगण्याच्या एमआयडीसीत, कुणी बुटीबोरीत, कुणी मिहानमध्ये कामाला लागतो. कुणी नर्सिंगला जाते, कुणी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला. निघताना घरचे लोक तांदूळ बांधून देतात आणि ऐपत असो वा नसो, हप्त्यावर एक मोटारसायकलही घेऊन देतात.

‘शहरात गाडीशिवाय कसे होणार?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. खरे तर हा प्रश्न जितका प्रवासाचा, तितकाच आरोग्याचा आहे. शहरात नव्याने जाणाऱ्याने आधी ठरवायला हवे ते खोली कुठे घ्यायची हे. गाडी घ्यायची की नाही, हा त्यानंतरचा विषय. बस किंवा मेट्रोच्या जवळ राहणे, हा तरुण माणसाने स्वतःच्या प्रकृतीसाठी घेतलेला एक मोठा निर्णय असतो. मात्र असा निर्णय घेता येईल अशी व्यवस्था उभी करणे हे एकट्या मुलाचे काम नाही. ते शासनाचे, महापालिकेचे आणि कारखान्यांचेही काम आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दिवसाला सुमारे ४६०. त्यांतील ७४,८९७, म्हणजे जवळपास ४५ टक्के, दुचाकीवरची होती. मेलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातील होते. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ मृत्यू झाले. हेल्मेट न घातलेल्या अवस्थेत ५०,०२९ जण गेले आणि त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले होते. डेंग्यूच्या एखाद्या मृत्यूने गाव हादरते, फवारणी होते, पथक येते. तेवढ्याच तातडीने अपघाताच्या मृत्यूकडे पाहिले जात नाही. ‘नशीब’ म्हणून तो विषय संपवला जातो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र हाही एक टाळता येणारा आजारच आहे. त्याची कारणे माहीत आहेत, तो कुणाला जास्त होतो हे माहीत आहे आणि प्रतिबंधाचे उपायही माहीत आहेत.

शहरात नवा आलेला तरुण या आजाराच्या तडाख्यात सर्वांत आधी सापडतो. परवाना नवा असतो. नवख्या चालकांचे अपघात सुरुवातीच्या काही महिन्यांत सर्वाधिक होतात, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे. गावात त्याने गाडी चालवलेली असते, पण तिथे समोर बैलगाडी आणि सायकल असते. इथे रिंगरोडवर ट्रक, डाव्या बाजूने घुसणारा ऑटो, उड्डाणपुलावरून उतरणारी भरधाव गाडी. पुढचे वळण कुठले, हे तो मोबाइलवर बघत असतो. मेंदूची लक्ष देण्याची ताकद मर्यादित असते. रस्ता शोधण्यात ती खर्च झाली, तर धोका ओळखायला उरत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. नजर मोबाइलवर दोन सेकंद राहिली, तर ३३ मीटरचा रस्ता न बघता पार झालेला असतो. त्यात पाळीचे काम आणि अपुरी झोप. खोलीवर चार जण, दोघे रात्रपाळीचे, अशा ठिकाणी सलग सात तास झोप मिळणे अवघडच असते.

कवटीच्या आत काय होते?

मेंदू हा मऊ अवयव कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोके जमिनीवर आपटून थांबते तेव्हा मेंदू मात्र पुढे जात राहतो आणि कवटीच्या आतल्या बाजूवर आदळतो, मग उलट्या बाजूलाही. रक्तवाहिन्या फाटतात, मज्जातंतू ताणले जातात. यासाठी वेग फार लागत नाही. उभ्या माणसाचे डोके दीड मीटर उंचीवरून सरळ जमिनीवर आले, तरी ते ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने आपटते. आणि आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ४० ऐवजी ६० च्या वेगाने गेल्यास वेग दीडपट होतो, ऊर्जा मात्र सव्वादोन पट.

हेल्मेटच्या आतला जाड थर्माकोलसारखा थर या वेळी स्वतः चेपला जातो आणि डोके थांबण्याचा क्षण थोडा लांबवतो. एवढ्या एका गोष्टीने डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून निघाला आहे. पट्टा न लावलेले हेल्मेट मात्र पहिल्याच धक्क्याला उडून जाते. १ जून २०२१ पासून आयएसआय प्रमाणित नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकण्यास बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला टोपीसारखी हलकी हेल्मेटे मिळतातच. ती दंड वाचवतात, डोके वाचवत नाहीत. एकदा जोरात आपटलेले हेल्मेटही बदलावे, कारण आतला थर दुसऱ्यांदा चेपला जाईलच असे नाही.

अपघातानंतरची एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. डोक्याला मार लागलेला मुलगा कधी कधी उठून बसतो, बोलतो, ‘काही नाही झालं’ म्हणतो. काही तासांनी तोच बेशुद्ध होतो. कवटीच्या आत साचणारे रक्त हळूहळू मेंदूवर दाब आणत असते. म्हणून मार लागल्यावर वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका, एका हातापायातली शक्ती कमी होणे, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे यांपैकी एकही लक्षण दिसले तरी त्याला खोलीवर झोपवून ठेवू नये. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. घटनास्थळी पाणी पाजू नये, मान वाकवू नये, १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका मोफत असते. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाही. मोटार वाहन कायद्यातच आता तसे संरक्षण आहे. ५ मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार देण्याची केंद्राची योजनाही लागू झाली आहे. अपघात झाल्यावर पैशाची जुळवाजुळव करण्यात पहिला तास घालवू नये, हा तिचा अर्थ.

नागपुरात पर्याय आहेत

पूर्वी नागपुरात गाडी नसलेल्याचे खरोखरच हाल होत. आज चित्र थोडे वेगळे आहे. नागपूर मेट्रोची पहिली गाडी मार्च २०१९ मध्ये धावली आणि ११ डिसेंबर २०२२ ला पहिला टप्पा पूर्ण झाला. दोन मार्ग सीताबर्डीला एकमेकांना छेदतात. नारिंगी मार्ग ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत, तर निळसर हिरवा मार्ग प्रजापतीनगरपासून लोकमान्यनगरपर्यंत जातो.

साकोली-भंडाऱ्याकडून येणाऱ्यांसाठी हा दुसरा मार्ग विशेष कामाचा आहे. प्रजापतीनगर हे पारडीच्या बाजूला, म्हणजे भंडारा रस्त्याने एसटी शहरात शिरते त्याच तोंडाशी आहे. लोकमान्यनगर हे हिंगण्याच्या एमआयडीसीच्या बाजूला आहे. म्हणजे पूर्वेकडून आलेला मुलगा शहराच्या मधोमध असलेली सगळी गर्दी टाळून एकाच गाडीने पश्चिमेच्या कारखान्यांपर्यंत पोहोचू शकतो. गोंदिया, तिरोड्याहून रेल्वेने येणाऱ्यासाठी नागपूर रेल्वे स्थानकाला लागूनच मेट्रोचे स्थानक आहे. गणेशपेठच्या एसटी स्थानकापासून कॉटन मार्केटचे स्थानक फार लांब नाही. मिहान आणि एम्सकडे जायचे असेल, तर नारिंगी मार्गाने खापरीपर्यंत जाता येते. विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत आहे आणि सायकल डब्यात नेता येते. जिथे मेट्रो नाही, तिथे महापालिकेची ‘आपली बस’ आहे.

म्हणून खोली शोधताना भाडे किती, एवढेच विचारू नये. कामाच्या ठिकाणापासून मेट्रोचे स्थानक किंवा बसथांबा किती पायी आहे आणि खोलीपासून किती, हे दोन्ही चालून बघावे. पाचशे रुपये स्वस्त खोली आडवळणाला घेतली, की तिच्यापायी गाडी येते, गाडीपायी हप्ता, पेट्रोल, विमा, पंक्चर आणि दंड. हिशेब मांडला, तर स्थानकाजवळची महाग वाटणारी खोली बहुधा स्वस्त पडते.

शरीराचाही हिशेब आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खोलीपासून स्थानकापर्यंत १५ मिनिटे भरभर चालत जायचे आणि तितकेच परत यायचे, असे आठवड्यात पाच दिवस केले की बरोबर १५० मिनिटे होतात. गावात असताना दिवसभर हिंडणारे, शेतात राबणारे शरीर शहरात आले की दारात गाडी, कामावर खुर्ची आणि रात्री मोबाइल अशा चक्रात अडकते. वजन आणि रक्तातली साखर तिशीतच वाढू लागते. बसने जाणाऱ्याला व्यायामासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट खास या भागाची. गोंदिया, भंडारा, गडचिरोली या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुचाकीवर अंगाला लागणाऱ्या कोरड्या गरम वाऱ्याने घाम लगेच उडून जातो, त्यामुळे किती पाणी शरीराबाहेर गेले हे कळत नाही. पाणी कमी झाले की सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तपेशी वाकड्या होऊन अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. अशा मुलाला भर उन्हात तासभर गाडी चालवून कामावर जावे लागू नये, याची काळजी घरच्यांनी सुरुवातीलाच घ्यावी. रेल्वे आणि एसटीत सिकलसेलच्या रुग्णांसाठी सवलत आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र गाव सोडण्यापूर्वीच काढून ठेवावे.

पर्याय संपतात तिथे

इतके सांगूनही एक सत्य उरते. सगळ्यांना हे जमणार नाही. मेट्रो साधारण सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत चालते. कारखान्याची पाळी रात्री बारा वाजता सुटते, तेव्हा ना मेट्रो असते ना बस. बुटीबोरीपर्यंत मेट्रो अजून पोहोचलेली नाही. कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीकडे जाणाऱ्या सुमारे ४४ किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्याचे भूमिपूजन २०२२ च्या डिसेंबरात झाले, पण आज रात्री पाळीवरून सुटणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. स्थानकातून उतरल्यावर पुढचे दोन किलोमीटर अंधारात, पदपथ नसलेल्या रस्त्याने चालायचे असतील, तर मुलगीच काय, मुलगाही गाडीच घेईल. अशा वेळी ‘मुले ऐकत नाहीत’ म्हणून बोट दाखवणे हा अन्याय आहे. नाइलाजाने घेतलेल्या गाडीला निवड म्हणता येत नाही.

गावाकडच्या वाटेचेही तसेच. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडया भरतात, रात्रभर नाटके होतात. शहरातला मुलगा काम संपवून संध्याकाळी दुचाकीवर निघतो आणि शंभर किलोमीटरहून लांब पल्ला अंधारात गाठतो. नेमक्या त्याच दिवसांत धानाची कापणी सुरू असते. मागे दिवा नाही, लाल परावर्तक पट्टी नाही, अशा ट्रॅक्टर-ट्रॉल्या महामार्गावर असतात. पुढे जंगलाच्या पट्ट्यात रानडुक्कर किंवा चितळ अचानक रस्त्यावर येते. चारचाकीचा पत्रा वाकतो तिथे दुचाकीवरचा माणूस फेकला जातो. या प्रवासासाठी एसटी आणि रेल्वे केव्हाही बरी. महिलांना तर मार्च २०२३ पासून एसटीत निम्मेच तिकीट लागते. रात्रीची शेवटची एसटी चुकली, तर सकाळपर्यंत थांबावे. एका रात्रीच्या नाटकापेक्षा घरी पोहोचणे मोलाचे.

पण एसटीचा थांबा हमरस्त्यावर आणि गाव तिथून आठ-दहा किलोमीटर आत, अशी स्थिती असेल, तर हा सल्लाही अपुरा पडतो.

वाघासाठी रस्ता बदलला, माणसासाठी का नाही?

नागझिऱ्याच्या लोकांना रस्त्याच्या धोक्याचा एक धडा घराशेजारीच मिळालेला आहे. २०१३ मध्ये जय नावाचा वाघ नागझिऱ्यातून निघून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात पोहोचला. वाघ असे चालत जातात, त्यांच्या वाटा महामार्गांना छेदतात आणि गाड्यांखाली ते मरतातही. नागपूरहून पेंचच्या जंगलातून जाणारा महामार्ग चौपदरी करताना यावर बरेच वाद झाले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. शेवटी त्या रस्त्यावर प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी भुयारी मार्ग आणि पूल बांधण्यात आले. वाघ त्यांखालून जातात, हे कॅमेऱ्यांनी टिपले आहे.

यातली विचार करण्याची पद्धत महत्त्वाची आहे. रस्ता नीट बघून ओलांड, असे वाघाला कोणी सांगितले नाही. तो चुकणार हे गृहीत धरून रस्ता बदलला. माणसाच्या बाबतीत मात्र आपण उलटे करतो. रस्ता आहे तसा ठेवतो आणि सुरक्षा सप्ताहात भाषणे देतो. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये रस्ते मृत्यू शून्यावर आणण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा त्याचा पाया हाच होता. माणूस चुकतो, पण चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, अशी रस्त्याची रचना हवी. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे मेली होती. त्यानंतर धोक्याची ठिकाणे शोधून दुरुस्त केली, कठडे बसवले, अंमलबजावणी आणि तातडीची वैद्यकीय मदत वाढवली. मृत्यू लक्षणीय घटले. म्हणजे हे महाराष्ट्रातही होऊ शकते.

मग मागायचे काय? मागण्या मोठ्या नाहीत. एमआयडीसीतील कारखान्यांनी पाळी सुटण्याच्या वेळेला मेट्रोच्या शेवटच्या स्थानकापर्यंत आणि रात्री वस्त्यांपर्यंत बस द्यावी. एकट्या कारखान्याला परवडत नसेल, तर चार-पाच जणांनी मिळून द्यावी. महापालिकेने प्रत्येक मेट्रो स्थानकाभोवतीच्या एक किलोमीटरमध्ये आधी पदपथ आणि दिवे करावेत. पदपथ हे व्यायामाचे साधन आहे आणि अपघातापासून लस देण्यासारखेही आहे. ‘आपली बस’ मेट्रोच्या वेळेला जोडून सोडावी. एसटीने सोमवारच्या पहाटे आणि शनिवारच्या संध्याकाळी, म्हणजे मुले खरोखर ये-जा करतात त्या वेळी, साकोली, सडक अर्जुनी, गोरेगाव, तिरोडा भागात जादा गाड्या द्याव्यात आणि हमरस्त्यापासून आतल्या गावांपर्यंत जोडफेऱ्या ठेवाव्यात. कापणीपूर्वी प्रत्येक ट्रॉलीला परावर्तक पट्टी लावण्याची मोहीम ग्रामपंचायतीही घेऊ शकतात. त्याला निधीची वाट बघावी लागत नाही. आणि नागपुरातील आयटीआय, महाविद्यालये, वसतिगृहे यांनी प्रवेशाच्या दिवशीच नव्या मुलांना बस-मेट्रोचा नकाशा आणि १०८ चा क्रमांक द्यावा.

या खर्चाची बाजू मांडताना नेहमी विचारले जाते, एवढ्यासाठी पैसा कुठून आणायचा? पैसा आजही खर्च होतोच. तो अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर, मेंदूच्या शस्त्रक्रियेवर आणि त्यानंतर आयुष्यभर अंथरुणाला खिळलेल्या तरुणाच्या शुश्रूषेवर होतो. त्यातला मोठा वाटा ज्या घराने तांदूळ बांधून मुलाला पाठवले, तेच घर शेत गहाण टाकून उचलते. एक कमावता मुलगा गेला किंवा अपंग झाला, तर मागच्या बहिणीचे शिक्षण थांबते, वडिलांचे औषध थांबते. रुग्णालयाच्या नोंदवहीत मात्र त्याची एकच ओळ असते.

तोवर, गाडी घ्यावीच लागली तर काही नियम घरातच घालून द्यावेत. परवाना आणि विमा पूर्ण झाल्याशिवाय चावी नाही. गाडीबरोबर दोन हेल्मेट, दुसरे मागे बसणाऱ्यासाठी. पहिला महिनाभर कामाचा रस्ता उजेडात चालवून पाठ करायचा. रात्रपाळी करून आल्यावर किंवा दारू पिऊन गाडीला हात लावायचा नाही. गावाला यायचे ते एसटीने किंवा रेल्वेने. पण त्याआधी, अजून गाडी ठरलेली नसेल तर, शोरूममध्ये जाण्यापूर्वी आई-वडिलांनी एक दिवस मुलासोबत नागपूरला जावे. त्याच्या कामाच्या किंवा शिक्षणाच्या ठिकाणापासून जवळच्या स्थानकापर्यंत चालत जावे आणि त्या वाटेवर खोली मिळते का ते बघावे. ती मिळाली, तर गाडीचा निर्णय वर्षभर पुढे ढकलता येतो. नवखेपणाचे सर्वांत धोक्याचे महिने तेवढ्यात निघून जातात.